पान्यावरचा पाइप

गावी गेलो की वडिलांच्या गाडीच्या चाकांचे नट मी आवळून द्यायचो. पान्याला पंपाच्या जुन्या पाइपाचा तुकडा अडकवायचा आणि त्यावर उभं राहायचं. वडील म्हणायचे, "हातानं बसंल तेवढंच आवळ. उद्या सोडायचं बी हाय की." मी खेकसायचो, "चाक निखळलं म्हणजे कळेल!"

उन्हाळ्यात ते आईला घेऊन माझ्याकडं सोलापूरला निघाले आणि मोडनिंबजवळ टायर पंक्चर झालं. एकही नट हलेना. वडिलांचा फोन आल्यावर मी तसलाच एक पाइप घेऊन पोचलो तेव्हा आई बाभळीखाली पदरानं वारा घेत होती आणि वडिलांच्या तळहातांना फोड आले होते. मी पाइप लावून तिरीमिरीत हिसका दिला, तर नटासकट बोल्टच मोडला.

शेवटी मोडनिंबचा मेकॅनिक आणला. उरलेले नट बघून तो भडकला, "कुठल्या गाढवानं आवळलं हे?"

"म्याच," वडील म्हणाले. "वय झालं. अंदाज ऱ्हात न्हाय."

मेकॅनिक त्यांना ताडताड बोलत राहिला. ते मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारीच उभा होतो. हातातला पाइप पाठीमागं लपवला.