साहेबांच्या मेलवरची लाल पट्टी

आधीच सांगते, मी भुतंखेतं, नजर, देवऋषी यातलं काही मानत नाही. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. देवाच्या पाठीला आतून काथ्या थापताना बघत मी मोठी झाले, त्यामुळे अंधारात काही हललं की किंचाळणाऱ्यांतली मी नाही. इथे या ग्रुपवर लोकांचे वडाची झाडं, पांढऱ्या साड्या वगैरे अनुभव यायचे ते वाचून मी चक्क हसायचे. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झालं. त्यामुळे माझा दीर आज जिवंत आहे आणि मला मेमो मिळालाय. त्या मेमोपायी डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा भाषा तिखट वाटली तर सांभाळून घ्या.

मी अष्टमी गावात राहते आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला आहे. कंपनीचं नाव विचारू नका, पगार अजून तिथूनच येतो. हजेरी, सुट्ट्या आणि कंत्राटी माणसांचे पास हे माझं काम. टाकीत उतरायचं काम असलं की त्याचा वेगळा पास लागतो. प्रॉडक्शनच्या साहेबांचा मेल येतो, त्यात माणसांची नावं आणि ‘टाकी तपासली, उतरायला हरकत नाही’ असं लिहिलेलं असतं. तो मेल बघून मी पास फाडते. पास नसेल तर सिक्युरिटीवाले टाकीपाशी कोणाला फिरकू देत नाहीत.

आता माझा राग कुठून सुरू होतो ते ऐका. दिवाळीच्या आधी हेड ऑफिसने सगळ्यांना एक खोटा मेल पाठवला. ‘कर्मचाऱ्यांना दिवाळी भेट, इथे क्लिक करा.’ मी केलं. निम्म्या ऑफिसने केलं, पण सापडले मी. मग ट्रेनिंग, आणि त्यात याच साहेबांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. म्हणाले, बाई, फुकट म्हटलं की झालं का? मेलवर धोक्याची पट्टी आली की तो उघडायचा नाही, आयटीला कळवायचं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही. नाव ओळखीचं असलं तरी विश्वास ठेवायचा नाही, अगदी माझं असलं तरी. लोक हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. कानाला खडा लावला, की आता नियम म्हणजे नियम.

बाहेरून येणाऱ्या मेलवर आमच्याकडे न उघडताच दिसेल अशी पिवळी पट्टी येते... पत्रावळीवर मीठ वाढावं तशी, प्रत्येकावर. तिच्याकडे कोणी बघतही नाही. त्या दिवशी जेवण करून जागेवर आले तर साहेबांचा मेल आलेला. टाकीच्या कामाचा. आणि त्याच्यावर पट्टी होती — लाल. तशी मी कधी पाहिली नव्हती. इंग्रजीत लिहिलं होतं, हा मेल सुरक्षित नाही, खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका. बास, एवढंच.

खरं सांगू? भीती वगैरे काही वाटली नाही. मला आनंद झाला. म्हटलं, बरे सापडलात साहेब.

मेल न उघडता आयटीला कळवलं. तिकडचा मुलगा म्हणाला, मॅडम, लाइनमध्ये थांबा, बरीच कामं पुढे आहेत. मी थांबले. खिडकीबाहेर कंत्राटी माणसं ताटकळत उभी होती, आणि त्यात माझा धाकटा दीर संतोष. निडीच्या बाजूला आमचं गाव आहे. भातं झोडून झाली की तो असल्या कामांवर येतो. तो टाकीच्या कामावर आहे हे मला तो खिडकीत आला तेव्हा कळलं, कारण नावं मेलच्या आत होती. तोंड वाकडं करून म्हणाला, “वयनी, पास दे ना. आमची हजेरी बुडल आज.” मी म्हटलं, थांब जरा. तो पाय आपटत गेला. घरचीच बाई आडवी येते म्हणून बाकीच्यांना सांगत होता, ते मला आत ऐकू येत होतं.

मग साहेबांचा फोन आला. पास का नाही? मी पट्टीचं सांगितलं. ते म्हणाले, अहो, मी शेजारच्या बिल्डिंगमधून बोलतोय, मेल माझाच आहे. मी म्हटलं, “सर, तुमच्या नावावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

फोन आपटला आणि स्वतः आले. त्यांच्या मागोमाग गेटवरचे सिक्युरिटीचे कदम, आरडाओरडा ऐकून. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. साहेब बघत राहिले आणि म्हणाले, कुठाय पट्टी?

मला वाटलं, माणूस तोंडावर खोटं बोलतोय. नाकासमोर, मेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल! मी कदमांना विचारलं, तुम्हाला दिसते का? कदमांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ते वाकून बघून म्हणाले, “व्हय, लाल हाय की.” साहेब दोघांवर उखडले. नोकरी घालवीन म्हणाले, पास फाड म्हणाले. मी पासांचं पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली मुठीत धरून बसले. फोटो का नाही काढला असं विचारणाऱ्यांनी एकदा केमिकल कंपनीत मोबाइल घेऊन शिरून दाखवावं. गेटवर जमा करावे लागतात ते.

या भांडणात शिफ्ट बदलली. शिफ्ट बदलली की टाकीची तपासणी नव्याने करावी लागते. दुसऱ्या शिफ्टचे सेफ्टी ऑफिसर सावंत आले, त्यांनी नळी आत सोडून ऑक्सिजन मोजायचा मीटर लावला आणि मीटर जो बोंबलायला लागला तो थांबेना. टाकीत नायट्रोजन भरला होता. एक वाल्व्ह गळत होता. नायट्रोजनला ना वास, ना रंग. माणूस शिडीवरून उतरतो आणि दोन श्वासांत खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. पहिला उतरणार होता संतोष, कारण अंगाने तो सगळ्यांत बारीक. सकाळी कोणी मीटर लावला होता की नुसतीच सही मारली होती, हे आजवर कोणी तोंडातून काढलेलं नाही.

त्या संध्याकाळी संतोष आमच्याकडेच जेवायला थांबला. भाताचे गोळे करत बसला होता. निघताना माझ्या पाया पडायला वाकला, तर मी त्याला ओरडले. का ओरडले मला माहीत नाही. रडू येत होतं म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी आयटीवाल्याने सगळं तपासलं. तो म्हणाला, मॅडम, कंपनीतल्या कंपनीतले मेल फिल्टरमधून जातच नाहीत. त्यांच्यावर पट्टी येऊच शकत नाही. आमच्याकडे लाल पट्टीच नाही. मी मेल पुन्हा बघितला तर स्वच्छ, धुतल्यासारखा. मग चौकशी झाली. वाल्व्हची नाही हो, माझी! नसलेलं कारण सांगून काम अडवलं, वरिष्ठांशी हुज्जत घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कदमांना विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, मी काय पट्टीबिट्टी बघितली नाय.

ते मला पुढे अष्टमीच्या पुलावर भेटले. गाडी बाजूला घेतली, पण गाडीवरून उतरले नाहीत. म्हणाले, “व्हती, वयनी. चांगली लालभडक व्हती. पण पोरं शिकतायत माझी.” त्यांच्यावर रागवायला गेले, पण राग तिथवर पोचेना.

लोक विचारतात, काय असेल ते? त्या टाकीत आधी कोणाचा जीव गेला होता का? मी जुन्या लोकांना विचारलं, असं काही कोणाच्या ऐकिवात नाही. कॉम्प्युटरचा बिघाड म्हणावा, तर कदमांना दिसली आणि साहेबांना कशी दिसली नाही? उत्तर शोधायचं मी सोडलंय.

मेमो मला मेलवर आला. ‘खुलासा सादर करण्याबाबत.’ विषय तेवढा वाचला, कारण त्याच्यावर तीच पट्टी होती, तेच लाल, तेच शब्द. मी नियमाप्रमाणे उघडला नाही. आयटीला कळवलं. साहेब येता जाता विचारायचे, खुलासा कुठाय? मी म्हणायचे, पट्टी आहे, सर. शेवटी एक दिवस ते तणतणत आले, खुर्चीची पाठ धरून माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकले, आणि तसेच राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग सरळ झाले, निघून गेले, आणि त्यानंतर त्यांनी खुलासा मागितलेला नाही. आता टाकीचं काम निघालं की मीटर लावायला ते स्वतः उभे राहतात, असं संतोष सांगतो.

त्यांना दिसली का, मी विचारलं नाही. दिसली असेल तर बरंच झालं.