दाराचं काय?

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत बसले होते. ‘‘मावशी, तुमी जेवलात का?’’ त्याने विचारलं. मग रस्त्याचं काम चालू आहे, बस उशिरा येते, निघायचं असेल तर सोबत कुणाला तरी घ्या, असं बरंच काही सांगत राहिला. मी म्हटलं, ‘‘अरे, पण निघायचं कशाला?’’ तेव्हा कुठे तो म्हणाला, ‘‘आई गेली…’’ मुख्य वाक्य सगळ्यात शेवटी! कुमुदने ऐकलं असतं तर मुलाचा कान धरला असता, असं मनात आलं, आणि पाठोपाठ लक्षात आलं की आता ती कुणाचाच कान धरणार नाही. भाजी तशीच पडून राहिली. त्याला आता काही आठवडे झाले, तरी परभणीच्या घरात बसून मी रोज तिच्याशी भांडते.

बोरीतल्या एका शाळेत आम्ही दोघी उभा जन्म एकत्र नोकरी केली. तिच्याकडे मराठी, माझ्याकडे गणित. माझं काम सोपं होतं, उत्तर एक तर बरोबर नाही तर चूक. तिच्या वाट्याला उतारे आले होते. उतारा वाचा आणि त्यातला मुख्य विचार सांगा, हा प्रश्न आला की पोरं डोळे मिटून पहिलं वाक्य उतरवून काढायची. गाईडवाल्यांनीच ती सवय लावलेली. कुमुदला त्याचा भयंकर संताप. तिने स्वतःची एक रीत काढली होती. वाक्यावर तळहात ठेवायचा, ते झाकायचं आणि उरलेला उतारा धड उभा राहतो का ते बघायचं. राहिला तर ते वाक्य नुसतं शोभेचं. ज्याच्यावर हात ठेवला की बाकी सगळं निराधार होतं, ते धरायचं. आणि कधी कधी ते वाक्य उताऱ्यात लिहिलेलंच नसतं, ते आपल्याला म्हणावं लागतं, हे ती पोरांना फार उशिरा सांगायची. आधीच सांगितलं तर पोरं वाटेल ते ठोकून देतात, असं तिचं म्हणणं.

माझा वर्ग शेजारचा, मधली भिंत पातळ. त्यामुळे तिचे तास मला आपोआप पाठ झाले. एकदा एक उतारा होता, दोन आळ्यांच्या मधल्या विहिरीचा. दोन्ही आळ्यांचं पटत नाही, म्हणून आपापल्या सोयीने गाळ काढतात, आणि गाळ काही हटत नाही. तिने विचारलं, ‘‘उतारा काय म्हणतोय?’’ सगळा वर्ग ओरडला, ‘‘विहीर!’’

‘‘हां, विहीर. विहिरीचं काय?’’

‘‘विहीर लय खोल हाय, बाई.’’

‘‘झाका ते वाक्य. काही बिघडलं का?’’

‘‘न्हाई बिघडलं.’’

असं बराच वेळ चाललं. माझ्या वर्गातली पोरं बेरीज सोडून तिकडेच कान लावून बसलेली, आणि खरं सांगायचं तर मीही. शेवटी एक बारीक आवाजाची मुलगी उठून म्हणाली, ‘‘बाई, एका आळीनं गाळ निघत न्हाई. समद्यांनी उतरावं लागतंय.’’ हे वाक्य उताऱ्यात कुठेच नव्हतं. पलीकडे कुमुद काहीच बोलली नाही. ती गप्प झाली म्हणजे खूश झाली, हे मला माहीत होतं. ‘‘विषय कुणालाही सापडतो गं,’’ ती नंतर चहा पिताना म्हणाली. ‘‘विहीर म्हटलं की यांना वाटतं काम झालं. माणसं तिथेच थांबतात, हीच तर बोंब हाय.’’

ही खोड तिने घरीदारीही सोडली नाही. मला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय. कोण कुणाची चुलत नणंद, लग्न कुठल्या गावी होतं, वरण कसं होतं… माझं वरणापर्यंत आलं की कुमुदचा तळहात वर यायचा. ‘‘हे झाक. पुढं चल.’’ मला राग यायचा. आता वरणाचं सगळं सांगून होतं, कुणी थांबवत नाही.

निवृत्तीनंतर मी परभणीला आले, ती बोरीतच मुलाजवळ राहिली. तिचे यजमान आधीच गेलेले. मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं ते, पण तोंडातून एखाद-दुसराच शब्द निघायचा, तोही मोठ्या कष्टाने. ‘हो’ मात्र पटकन यायचं. चहा हवा का? हो. नको का? हो. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असं होतं, तिच्या ‘हो’वर जाऊ नका. पण घरातल्या माणसांनी दुसरं कशावर जायचं?

प्रशांत नोकरीला जिंतूरला जातो, सून अर्चना अंगणवाडीत. दुपारी शेजारची बाई येऊन कुमुदला जेवू घालायची. एके दिवशी घरात कुणी नसताना कुमुद भिंत धरत धरत दारात आली आणि पायऱ्यांवरून खाली कोसळली. हाड मोडलं नाही, पण कपाळ फुटलं. तेव्हापासून प्रशांत जाताना बाहेरून कुलूप लावून किल्ली शेजारच्या बाईकडे द्यायला लागला. आणि तेव्हापासूनच कुमुद म्हणायला लागली, ‘‘दार.’’

सकाळी दार, संध्याकाळी दार. गल्लीत नुकतीच एक चोरी झालेली. प्रशांतने विचारलं, ‘‘आई, चोराची भीती वाटायलीय का?’’ ती म्हणाली, ‘‘हो.’’ त्याने आतून आणखी एक कडी बसवली. तरी दार! मग दाराशेजारची खिडकीही बंद केली. मी भेटायला गेले तेव्हा भर दुपारी घरात दिवा लावलेला होता आणि कुमुद भिंतीकडे तोंड करून पडलेली. मुलगा तिचाच विद्यार्थी. येणारेजाणारे निम्मे तिचे विद्यार्थी. सगळ्यांना विषय सापडला होता, आणि सगळे तिथेच थांबले होते.

रविवार नव्हता, पण मी येणार म्हणून प्रशांत घरी थांबला होता. मी पलंगावर बसले आणि नेहमीसारखी सुरू झाले. परभणीचं ऊन, माझे गुडघे, कुणाचं काय… ती म्हणाली, ‘‘दार.’’ मी म्हटलं, ‘‘दाराचं काय, कुमुद?’’ माझ्या तोंडून ते सवयीनेच गेलं. पण तिने मान वळवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू इतक्या महिन्यांत कुणीतरी शेवटी प्रश्न विचारला! ओठ हलले, शब्द निघेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचं. मी घाबरून पुन्हा बोलायला लागले, लावायचं का, नवीन हवं का, कोण येतं का… तेव्हा तिने डावा हात उचलला आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

मी गप्प बसले. प्रशांतही गप्प. त्या शांततेत बाहेरून आवाज आला, अगदी दबका, जाड फळीपलीकडून. शाळा सुटली होती. पोरं ओरडत, एकमेकांची दप्तरं ओढत गल्लीतून चालली होती. कुमुदने तोंड तिकडे केलं. मी उठले, दोन्ही कड्या काढल्या आणि दार सताड उघडलं. उजेड आणि कल्ला एकदमच आत आला. त्या दिवशी ती पुन्हा ‘दार’ म्हणाली नाही.

मला वाटलं, जिंकलो आपण. प्रशांतला मी ओसरीवर नेऊन म्हटलं, ‘‘कळलं ना रे आता?’’

‘‘कळलं, मावशी.’’ तो पायऱ्यांकडे बघत होता. ‘‘कळून काय करू? मी घरी बसलो तर खायचं काय? अर्चनाला बसवू? उघडं ठिवलं अन् आई पुन्हा पडली तर? तुमीच सांगा.’’ उताऱ्यातला विचार सापडला की पूर्ण गुण मिळतात, इथे तो सापडूनही सगळे होतो तिथेच अडकलेले. तो वाईट मुलगा नाही, हे मला इथे लिहायचंच आहे.

शेवटी त्याने दाराबाहेर लोखंडी जाळीचं फाटक बसवून घेतलं. लाकडी दार दिवसभर उघडं, जाळीला बाहेरून कुलूप. आतल्या बाजूला कुमुदची खुर्ची. पोरं येता-जाता थांबायला लागली. कुणी पुस्तक काढून जाळीशी उभं राहून मोठ्याने वाचायचं. नको त्या वाक्याला तिचा डावा हात वर उठायचा, पोरं हसायची आणि ते वाक्य गाळून पुढे जायची. मी दोनदा पाहिलं ते. ती सुखी होती असं मात्र मी लिहिणार नाही. पोरं निघून गेली की ती गज धरून जाळी हलवायची, खळखळ आवाज यायचा, आणि मग दमून मान टाकायची. गजाआडचं तिचं तोंड मला बघवत नसे. तरी, बंद फळीपेक्षा ते बरं होतं, एवढंच म्हणता येईल. असं काही महिने चाललं. मग एका सकाळी झोपेतच ती गेली.

परवा बोरीला एका लग्नाला गेले होते. दुपारी पाय आपोआप तिच्या गल्लीत वळले. प्रशांत-अर्चना दोघंही कामावर. जाळीला कुलूप होतं, पण लाकडी दार सताड उघडं. आत खुर्ची, खुर्चीवर ऊन. पोरगं घाईत विसरलं, असं वाटून मी तिथूनच फोन लावला. म्हटलं, ‘‘अरे प्रशांत, घरात कुणी नाही आणि दार उघडं राहिलंय.’’

‘‘राहिलं न्हाई, मावशी,’’ तो म्हणाला. ‘‘ठिवलंय.’’

एवढंच बोलला. मी फोन पिशवीत टाकला आणि पायरीवर बसले. शाळा सुटायला अजून वेळ होता.