बाईंची नात

प्रमोदिनीबाई जळोचीच्या अंगणवाडीत चौदा वर्षं सेविका आहेत. यंदाही त्यांनी दारोदार फिरून मुलं गोळा केली. सोमवारी मात्र नातीला, पूर्वीला, टाय लावून इंग्रजी नर्सरीच्या गाडीत बसवताना त्यांना समिनानं पाहिलं. ती आपल्या मुलाला, सादला, पहिल्यांदाच अंगणवाडीत सोडायला आली होती.

"बाई, तुमीच म्हणला हुता, हितं काय कमी हाय?"

"सून ऐकत नाही गं," बाई म्हणाल्या. खरं तर प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच आणला होता.

समिनानं हळूच विचारलं, "मग तितं आजून नावं घेत्यात का?"

साद तोवर आत जाऊन चटईवर मांडी घालून बसला होता. त्या दिवशी त्याला गाणं शिकवताना बाई भिंतीवरच्या तक्त्याकडेच बघत राहिल्या.