काचेच्या भांड्याची साखर

मी आज जो काही आहे तो तांबे मॅडममुळे, आणि त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. अलिबागजवळच्या फार्मसी कॉलेजात त्या शिकवत. त्या "वा!" म्हणाल्या की अख्खा वर्ग वहीत डोकं खुपसे.

घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे मधुमेह संपवायची जबाबदारी माझ्यावरच आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. एम.फार्मच्या प्रकल्पात मी जांभळाच्या बियांचा अर्क समुद्री शेवाळातल्या पदार्थाच्या, खसखशीहून बारीक कणांत कोंडत होतो. कण पोटातल्या आम्लात टिकावेत, आतड्यात हळूहळू सुटावेत आणि वेष्टण शरीरातच विरून जावं, एवढीच कल्पना. अहवालात मात्र मी लिहिलं, 'या कणांनी रक्तातील साखर आटोक्यात येते.'

"वा! कुणाची आली?" मॅडमनी विचारलं.

"अजून काचेच्या भांड्यातच तपासलंय, मॅडम."

"मग त्या भांड्याची साखर आता बरी आहे ना? पथ्य सांभाळायला सांग त्याला."

चौलला आमच्या आळीत वाडीतलं पहिलं फळ विकत नाहीत, घरच्यांनी खायचं असतं. त्याच रीतीने पहिल्या घाण्याच्या कणांची बाटली मी घरी नेली आणि आईच्या हातात दिली. तिला बरीच वर्षं मधुमेह.

महिन्याभराने मी छाती फुगवून मॅडमना सांगितलं, "आई रोज चमचाभर घेते. तरतरी वाटते म्हणते. डॉक्टरांच्या गोळ्या तर सोडल्यासुद्धा!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वा! उंदरांचाही नंबर लागला नव्हता अजून. आईचा आधी लावलास?"

तशाच उठून त्या माझ्याबरोबर रिक्षाने चौलला आल्या. आई ओटीवर पाय सोडून बसली होती. अंगठ्याची जखम चिघळलेली.

"माझ्या पोराचं औषध हाय, मॅडम. डाक्टरचं कशाला खाऊ आता?"

"ताई, मुलगा हुशार आहे. पण त्याची परीक्षा व्हायचीय. तुमच्या डॉक्टरांची झालीय."

मॅडम स्वतः मधुमेही. त्यांच्या पर्समधल्या यंत्राने आकडा दाखवलाच नाही. साखर त्याच्या मोजमापापलीकडे गेली होती. त्याच रिक्षाने आईला दवाखान्यात नेलं. आई वाचली. उजव्या पायाचा अंगठा वाचला नाही.

मित्र म्हणाले, हे अहवालात लिहू नकोस, पदवी जाईल. मी मॅडमना विचारलं.

"नको लिहूस," त्या म्हणाल्या. "तुझी आई काय, अंगठ्याशिवायही चालेल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं:

'आदरणीय मॅडम, सविनय जय भीम.

अहवालाला एक पान जोडत आहे. तपासणी न झालेले कण मी घरी नेले. आईने ते खाल्ले, आणि तिने गोळ्या सोडल्याचं कळल्यावर मी खूश झालो. तिची साखर उतरली ती इन्शुलिनने. माझ्या कणांनी माणसाच्या शरीरात काय होतं, ते मला माहीत नाही. पदवी अडली तरी हे पान काढू नये. चूक तिची स्वतःचीच, असं आई म्हणते. तिचं ते म्हणणं मी अहवालात घेतलेलं नाही.

आपला विद्यार्थी,
संदेश'