रस्त्याच्या उत्तर बाजूस

आता हे सांगू की नको, असं झालंय मला. पण चहा पाजलाय तुम्ही, तेव्हा ऐकाच. फक्त एक अट घालतो, हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात तर मी उठून जाईन.

पंचवीस वर्षं मी म्युनिसिपाल्टीच्या शाळेत भूगोल शिकवला. भूगोल! हे नीट लक्षात ठेवा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही विक्रोळीच्या चाळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, नळाला सकाळी तासभर पाणी. चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांनी मिळून घरांसाठी संस्था काढली. सरकारने मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे जमीन मंजूर केली. जमीन कुणा एकाची नाही, सगळ्या संस्थेची. घर सोडायचं तर संस्थेलाच परत द्यायचं, बाहेर विकून फायदा काढायचा नाही. आमच्यासारख्यांना घर परवडायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

सचिव मी. का? तर माझं अक्षर चांगलं! पगार नाही, मान भरपूर. पानवालासुद्धा 'सेक्रेटरीसाहेब' म्हणायचा. छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी!

ज्या दिवशी जागेचा नकाशा आला, त्या दिवशी सगळी चाळ माझ्या खोलीत. मी पाकीट फोडणार, एवढ्यात शेवंताकाकू ओरडल्या, "रे मास्तरा, थांब! कागदाक आधी हळद-कुंकू लाव, मगे वाच!"

शेवंताकाकू म्हणजे आमच्या चाळीची आई. मालवणकडच्या. काकांची गिरणी बंद पडली, तेव्हापासून काकूच खानावळीचे डबे करून घर चालवायच्या. आणि खोलीचा मालक दर महिन्याला दारात, "खोली खाली करा, माझ्या पुतण्याला पाहिजे." काकूंचं एकच म्हणणं, "मरताना तरी कोणी 'ऊठ' म्हणूक नको, असा घर होया." त्यांच्यापुढे कोण बोलणार?

नकाशा पाटावर मांडला. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चाळीस बिऱ्हाडांक हक्काचा छप्पर मिळांदे रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" आणि मी, सचिव या नात्याने, ओल्या कुंकवात अंगठा बुडवून कागदाच्या कोपऱ्यावर दाबला. चांगला रुपयाएवढा ठसा उमटला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खरंच.

नकाशा अगदी सोपा. मधे रस्ता, वर एक भूखंड, खाली एक. खालचा आमचा.

"म्हणजे रस्त्याच्या दक्षिणेचा," मी जाहीर केलं.

गणपत फिटर आमच्या शेजारचा, कारखान्यातला माणूस, शंकेखोर. तो म्हणाला, "मास्तर, मोजणी होऊ दे ना आधी. सरकारी माणूस येऊन दाखवेल."

"अरे गणप्या, नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे चौथीतल्या पोराला कळतं! आणि मोजणीला सहा महिने लागले तर? मोकळी जागा दिसली की कोणीतरी येऊन बसतं. मग काय करशील?"

भूगोलाच्या मास्तराशी वाद घालणार कोण?

मग सुरू झालं आमचं श्रमदान. दर रविवारी अख्खी चाळ मुलुंडला. बायकांनी डोक्यावर घमेली घ्यायची, पुरुषांनी कुदळ-फावडं. बाभळी तोडल्या, दगड काढले. दुपारी झाडाखाली बसून काकूंची सोलकढी आणि भात. काय दिवस होते यार! आज बिल्डिंगच्या मीटिंगला पाच डोकी जमत नाहीत, तेव्हा आजारी माणूस पण हट्टाने यायचा, "मी नुसता बसून बघीन" म्हणून. काकूंनी गावाहून रोप आणून एका कोपऱ्यात माडसुद्धा लावला.

आता एवढे दगड, एवढी काटेरी झुडपं टाकायची कुठे?

"समोर टाका," मी म्हटलं. "रस्त्याच्या पलीकडच्या भूखंडावर. तिथे कोण बघतंय?"

टाकलं. चार महिने टाकलं! आमचं बघून आसपासचे लोकही टाकायला लागले. फुटकी संडासाची भांडी, गाद्या, तबेल्यातलं शेण. समोर डोंगर झाला नुसता. डास, उंदीर, वास! मग माझंच डोकं फिरलं. आपण एवढी जागा चकाचक ठेवायची आणि समोर हा उकिरडा? मी कचेरीला तक्रार लिहिली. भूखंडाचा नंबर कशाला लिहू? मी दिशा लिहिली. 'रस्त्याच्या उत्तर बाजूस असलेल्या भूखंडाचा धारक हा बेजबाबदार, समाजविघातक व जमिनीस सर्वथा अपात्र असून त्याचे वाटप तात्काळ रद्द करण्यात यावे.' चाळीला वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या!

तीन आठवड्यांनी नोटीस आली. 'आपला भूखंड पंधरा दिवसांत साफ न केल्यास वाटप रद्द करण्यात येईल.' खाली कारण दिलेलं. बेजबाबदार, समाजविघातक, सर्वथा अपात्र. वाक्यं काय दणदणीत होती! दोनदा वाचली तेव्हा लक्षात आलं, अरे, ही तर माझीच आहेत!

आणि नोटिशीवर नाव कुणाचं? माझं. मानद सचिव.

काकू भिंतीला टेकून खालीच बसल्या. "मास्तरा, घर गेला काय रे आपला?"

"छे हो काकू! कारकुनाने पाकीट चुकवलंय. बघा, उद्या जाऊन कशी वाट लावतो त्याची!"

गेलो. टेबलावर हात आपटून बोललो. साहेब शांतपणे म्हणाला, "गुरुवारी मोजणीदार पाठवतो. जागेवरच काय ते बघू." मला वाटलं, टरकला! मी गुरुवारी चाळीसच्या चाळीस बिऱ्हाडं घेऊन गेलो. कारकुनाची फजिती सगळ्यांनी बघायला हवी ना? कामावर खाडा करून आले लोक!

मोजणीदार म्हणजे एक किडकिडीत म्हातारा. साखळी, झेंडे घेऊन आला. आमच्या साफ मैदानावर उभा राहिला आणि म्हणाला, "वा! कुणी केलं हे?"

"आम्ही!" चाळीस बिऱ्हाडं एका आवाजात.

"कशासाठी? तुमचा भूखंड तर तो." आणि त्याने बोट दाखवलं समोरच्या कचऱ्याच्या डोंगराकडे.

"अहो साहेब," मी हसलो, "भूगोल शिकवतो मी. नकाशा बघा. वर उत्तर, खाली दक्षिण."

त्याने नकाशा घेतला. वरून खाली बघितला. मग कोपऱ्यातल्या कुंकवाच्या ठशावर नख ठेवलं आणि हळूहळू खरवडायला लागला. खाली एक बाण निघाला. उत्तर दिशेचा बाण. टोक खाली!

"काढणाऱ्याने नकाशा उलटा काढलाय," तो म्हणाला. "म्हणून तर बाण देतात, गुरुजी. पण हे कुंकू कुणी लावलं?"

सगळ्या चाळीचे डोळे माझ्या अंगठ्याकडे. त्या क्षणी बाभळीचं एक झुडूप शिल्लक असतं ना, तर मी त्यात शिरलो असतो.

गणपतने नकाशा हातात घेऊन तो बाण दोनदा निरखला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू फक्त म्हणाल्या, "मगे माझो माड?" मला रडूच फुटलं. पुढच्याच मिनिटाला त्याच काकूंनी पदर खोचला. "आता रडतंस कित्या? नऊ दिवस आसत. उचला घमेली!"

नऊ दिवस! बायका सकाळी, पुरुष पाळी सुटल्यावर. गादी-शेण गाडी करून हलवलं. मी रोज शाळा सुटली की थेट तिथे, आणि जड दगड मुद्दाम माझ्याच घमेल्यात. दगड मात्र फेकले नाहीत. जागेच्या खोलगट भागात भरले, वर बिल्डिंग उभी राहिली. मोजणीदाराने 'जागा साफ' असा शेरा मारला, तेव्हा गणपतने माझ्या पाठीत असा धपका घातला की अजून दुखतं.

तो माड आजही समोरच्या बिल्डिंगच्या आवारात आहे. नारळ त्यांचेच. आम्ही गच्चीवरून बघतो.

चार वर्षांनी चाव्या मिळाल्या. पहिला गृहप्रवेश शेवंताकाकूंचा, तळमजला. काका गाऱ्हाणं घालताना हुंदके देत होते, आम्ही मागून "होय म्हाराजा" ओरडत होतो. काकूंनी कुंकवाची वाटी उचलली, दाराच्या चौकटीला लावायला. मी सचिव, मानाने पुढे झालो, अंगठा वाटीत बुडवणार, तोच काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मास्तरा, तू लांब रव रे बाबा! तुझो आंगठो लागलो तर माझा घर रस्त्याच्या पलीकडे जायत!"