तिनं न पाहिलेल्या टकरी

विद्या कांबळे गेली, हे मला केबिन रोडवर भाजी घेताना कळलं. फोनवर तिचा भाऊ होता. "ताई गेली," एवढंच बोलला. भाजीवाला विचारत होता, "दीदी, धनिया डालूँ?" आणि मी नुसती हो, हो म्हणत राहिले... त्याला आता महिना होऊन गेला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, मिटते, उठून खिडकीशी जाते, परत येते.

शाळेत आमचे हजेरी क्रमांक लागून होते, सतरा आणि अठरा. पुढे मी ग्रंथपाल झाले, ती भौतिकशास्त्रात गेली. अणुकेंद्रकं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळली की क्षणभर एक तप्त रस तयार होतो. तशा टकरी ती संगणकावर घडवायची. तिला हवी असायची ती टक्कर, जिच्यातून एका बाजूला प्रकाशाचा एकच कण सुटतो आणि विरुद्ध बाजूला कणांचा झोत. प्रकाशकण त्या रसातून अलगद बाहेर पडतो, झोत मात्र वाटेत ऊर्जा गमावतो. "किती गमावली ते झोताकडे बघून नाही कळत गं," ती म्हणायची. "जो धक्का न लागता सुटला, त्याच्याकडे बघून कळतं."

दर वेळी संगणकाला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागे. त्यावरून तो पुढचा सगळा योगायोग रचायचा. हा आकडा ती कुणाकडेही मागायची. "भैया, एक नंबर बोलो." भाजीवाला डोळे बारीक करायचा. "दीदी, मटका खेलती हो क्या? लगा तो आधा मेरा!" "पूरा ले लो," ही हसून म्हणायची. शेवटच्या वेळी तिनं मला विचारलं. मी आमचे दोघींचे क्रमांक जोडून सांगितले, सतराशे अठरा.

ते काम घरातल्या संगणकावर चालू असतानाच ती गेली. दुसऱ्या दिवशी बुद्धवंदनेला माणसं जमली, संगणकाचा पंखा घुरघुरत होता, म्हणून तिच्या आईनं, मावशींनी, भिंतीवरचं बटण बंद केलं. काम अर्धवट तुटलं हे मावशींना मागाहून कळलं, आणि त्यांनी अन्न टाकलं. मी गेले की एकच... "पोरीचं शेवटचं काम माझ्याच हातानं मेलं, माय."

शेवटी तिच्या एका विद्यार्थिनीला फोन लावला आणि ती सांगेल तसं मी टाइप करत गेले. मावशी मागे उभ्या होत्या. "तोच आकडा दिला की त्याच टकरी, त्याच क्रमानं पुन्हा घडतात," मी म्हटलं. "काही बुडालं नाही, मावशी."

"तशाच? एक बी इकडची तिकडं न होता?"

"तशाच."

त्या पडद्याकडे वळल्या. "यंत्राचं बरंय," म्हणाल्या.

आता पंखा पुन्हा घुरघुरतोय. बटणावर मावशींनी चिकटपट्टी लावलीय. मी रोज संध्याकाळी जायचे, दारातूनच पडद्यावरचा, झालेल्या टकरींचा आकडा बघायचे आणि निघायचे. संगणक मागच्या वेळी कुठे थांबला होता, ते विद्यार्थिनीनं सांगितलं होतं. काल आकडा त्याच्या पुढे गेला. मावशींना सांगितलं, तर त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"म्हंजे आता जे व्हतंय, ते तिनं पाह्यलंच नाही?"

"नाही."

त्यांनी विद्याची खुर्ची माझ्याकडे ओढली. "मग उभी काय ऱ्हातीस? कुणीतरी बघाया नको का?"

मी बसले.