लग्नासाठी नोकरीचा अर्ज

माझ्या एकुलत्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मी कॉम्प्युटरवर जवळजवळ मोडलं होतं, आणि तेही तयार टेम्प्लेट वापरून.

मेघनाने तिच्या ऑफिसातला मुलगा पसंत केला होता. त्याच्या वडिलांचा, म्हणजे जाधवांचा, होकार तेवढा बाकी होता. त्यांनी रीत म्हणून बायोडाटा मागितला. मेघना म्हणाली, "बाबा, मी संध्याकाळी येऊन करते, तुम्ही हात लावू नका." पण मी ऐकतोय कसला! (निवृत्त माणसाला काम कुणी सांगत नाही, ते हिसकावून घ्यावं लागतं.)

टेम्प्लेटच्या यादीत 'बायोडाटा' सापडला. निळी पट्टी, फोटोला गोल चौकट, एकदम झकास. ते एकेक प्रश्न विचारत गेलं, मी भरत गेलो. 'कधीपासून रुजू होऊ शकाल?' असं आलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे काहीतरी भलतंच विचारतंय."

"आजकाल असंच असतं, तुला नाही कळायचं," म्हणत मी टाइप केलं: साखरपुड्यानंतर लगेच.

शेवटी आलं, 'उमेदवाराला ओळखणारी, नात्याबाहेरची व्यक्ती'. रिकामं सोडलं की चौकट लाल व्हायची, पुढे जाऊ देईना. नात्याबाहेरच्या एकाच माणसाचा नंबर मला तोंडपाठ होता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटील! पाठ का, तर नेरूळला राहायला आल्यापासून मी त्यांना रोज तक्रारीचा फोन करतो. टाकला नंबर, दिलं जाधवांना पाठवून.

संध्याकाळी मेघनाने ते वाचलं आणि ती मटकन सोफ्यावर बसली.

"बाबा, हा नोकरीचा अर्ज आहे. आणि त्याचे वडील तळोज्याला कंपनीत माणसं भरती करायचे. ते पाटीलकाकांना खरंच फोन करतील."

तिचे डोळे भरून आले. लिफ्टची वाट न बघता सहा मजले उतरलो. पाटील (मूळचे इथल्याच सारसोळे गावचे, आवाज खाडीपार जाईल असा) गेटजवळ फोनवरच होते.

"वलखतो ना. सहाव्या माल्यावरचा. रोज डोका खातो माजा. पानी, लिफ्ट, कबुतरा..."

मी हात जोडले. त्यांनी पाठ फिरवली आणि पलीकडे पार्किंगमध्ये निघून गेले. मग नुसतं लांबून "हां, हां" ऐकू येत राहिलं. मी तिथेच घाम पुसत उभा. शेवटी फोन ठेवून आले.

"पाटील, काय सांगितलंत त्यांना?"

"खरा हाय त्या सांगितला," म्हणाले आणि चालू पडले.

झालं, संपलं सगळं. पोरीला काय तोंड दाखवू? कसाबसा वर आलो, तर बायको देवापुढे साखर ठेवत होती आणि मेघना डोळे पुसत हसत होती. जाधवांनी फोन करून होकार कळवला होता.

"अगं, पण पाटील त्यांना बोलले तरी काय?" मी मेघनाला विचारलं.

"म्हणाले, पोरगी सगली आईवर गेली हाय. बापाचा येक गुन घेतला नाय."